बरणीच्या झाकणात पाच

मी फक्त नॉब फिरवला. नंतर गावाने या गोष्टीला बरीच झालर लावली. कुणी म्हणालं शेड पेटली, कुणी म्हणालं मिसेस ब्रेकींनी मला डावाने बडवलं. घडलं ते एवढंच. मिसेस ब्रेकी फोन घ्यायला घरात गेल्या आणि जाताना मला सांगून गेल्या, ‘‘हलवत राहा, वर तरंगेल ते काढून टाक, आणि नॉबला हात लावू नकोस.’’

तीन गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली पहिली मी मन लावून केली.

शेगडीवरच्या बिडाच्या भांड्यात शिसं वितळत होतं. त्यातलं बरंचसं मीच आणलेलं. मी मर्ल ओबर्गच्या टायरच्या दुकानात काम करतो. चाकाचा तोल साधायला रिमच्या कडेला बोटाएवढी वजनं ठोकतात, जुनी झाली की ती काढून बादलीत टाकतो. ती बादली वर्षातून एकदा बंदुकीच्या गोळ्या ओतायला मिसेस ब्रेकींकडे जाते आणि तिच्या बदल्यात मला बिटाच्या लोणच्याच्या दोन बरण्या मिळतात. पण हल्ली शिशाबरोबर जस्ताची वजनंही येतात. दिसायला तीच, रंग तोच. शिसं लवकर वितळतं, जस्त उशिरा. म्हणजे आच बेताची ठेवली की जस्ताचे तुकडे निमूट वर तरंगतात, ते पळीने काढून टाकायचे; आच वाढली की जस्तही वितळून मिसळतं आणि सगळं भांडं नासतं.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मला ते तीनदा सांगितलेलं होतं. पण सात-आठ तुकडे वितळेचनात, तेव्हा मला वाटलं शेगडीच दमली.

मिसेस ब्रेकी परत आल्या तेव्हा भांड्यातलं आरशासारखं शिसं नासलेल्या दुधासारखं झालं होतं. त्यांनी पळी बुडवली, उचलली, तिरकी केली. गोळे पडले.

‘‘लॉनी, नॉब फिरवलास?’’

‘‘थोडासा.’’

‘‘थोडासा म्हणजे किती?’’

‘‘अडतो तिथपर्यंत.’’

त्यांनी शेगडी बंद केली, हातमोजे काढून एकावर एक ठेवले. ‘‘यात माझ्या शेवटच्या चार विटा होत्या,’’ म्हणाल्या. ‘‘चल, कॉफी थंड होतेय.’’

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्या हार्लन क्रीक गावात माणूस ओरडला की समजावं प्रकरण संपलं. कॉफी विचारली की समजावं, खोल लागलंय.

त्या चार विटांचं सांगायचं तर आधी मिसेस ब्रेकींचं सांगावं लागेल.

आर्डिस ब्रेकी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पंधराव्या वर्षी, दोघे भाऊ लढाईवर गेलेले आणि वडिलांचा पाय गवत कापायच्या यंत्रात सापडलेला, अशा हिवाळ्यात घरात मांस आणायचं काम त्यांच्याकडे आलं. वडिलांची रायफल घेऊन त्या टेकडीवर गेल्या आणि हरीण घेऊन आल्या. रायफल तीच आजही आहे. थर्टी-थर्टी मापाची, लिव्हरची. घोड्याभोवतीची कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, वर दाबली की नवं नळीत जातं. दुर्बीण नाही, काही नाही. दस्त्याचा रंग सफरचंदाच्या सालीसारखा झालेला, आणि जिथे त्यांचा गाल टेकतो तिथे लाकूड चक्क खोलगट झालंय. त्या हिवाळ्यापासून शिकारीचा एकही मोसम चुकला नाही. एकोणसाठ झाले होते. हा साठावा.

नोकरी गावच्या साप्ताहिकात. तिथला यंत्रावरचा माणूस कोरियाला लढायला गेला, म्हणून यांना ‘तात्पुरतं’ बसवलं. त्या तात्पुरत्या अडतीस वर्षं बसल्या. यंत्र असं की कळा दाबाव्यात आणि बाजूच्या भट्टीतून शब्दांची आख्खी ओळ ओतून बाहेर यावी: बोटभर लांबीची, गरम, चकचकीत पट्टी, अक्षरं उलटी. अशा ओळी रचून छापायचं, छापून झालं की सगळ्या परत भट्टीत. ‘‘गेल्या आठवड्याची लग्नं वितळवून या आठवड्याची मयतं,’’ असं त्या म्हणायच्या. उलटी अक्षरं त्या आपण सुलटी वाचतो त्याहून भरभर वाचतात. कॅफेत समोरच्याचं बिलही तसंच वाचतात, म्हणून त्यांच्यासमोर बसायला लोक कचरतात.

साप्ताहिकात कॉम्प्युटर आला तेव्हा मालकाने निरोपाला घड्याळ देऊ केलं. त्या म्हणाल्या, घड्याळ नको, धातू द्या. त्या ओळींचा धातू नुसतं शिसं नसतो, त्याच्यात कथिल असतं आणि आणखी एक कडक द्रव्य. गोळ्या ओतणाऱ्याला त्यासारखं दुसरं काही नाही. पीकअपभर विटा मिळाल्या, पंधरा वर्षं पुरल्या. शेवटच्या चार या मोसमासाठी बाजूला ठेवलेल्या होत्या.

त्याचं कारण खांदा. जूनमध्ये त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, बंदूक विसरा. यांनी त्याच्याशी अर्धा तास घासाघीस केली. शेवटी तो म्हणाला, कुत्र्याने अंगावर रेलावं एवढा धक्का चालेल, त्यापुढे नाही. दुकानातली काडतुसं लाथ मारतात. म्हणून यांनी ठरवलं, स्वतः ओतलेली गोळी, काडतुसात दारू कमी, धक्का कुत्र्याएवढा. पण दारू कमी केली की गोळी नीट जाईलच असं नाही. आणि त्यांचा नियम जुना आहे, आमच्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ: पाऊणशे पावलांवर बरणीच्या झाकणात पाचपैकी पाच. नाही बसल्या तर जिवंत जनावरावर बंदूक रोखायची नाही.

‘‘यंदा नाही जमलं तर पुढल्या वर्षी,’’ मी कॉफी पिताना म्हणालो. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं.

‘‘पुढल्या वर्षी पंचाहत्तर. खुंटीला टांगलेली रायफल परत खाली उतरलेली मी बघितली नाही, लॉनी. नॉर्मनची नाही उतरली.’’ नॉर्मन म्हणजे त्यांचा नवरा. ‘‘बिस्कीट घे.’’

तो गुरुवार होता. मोसम पुढच्या शनिवारी उघडणार होता. टपालाने धातू मागवायला दोन आठवडे.

दुसऱ्या दिवशी मर्लला सांगितलं. मर्ल पंचावन्न वर्षांचा, दुकानाचा मालक, तरी ‘मिसेस ब्रेकी’ म्हटलं की आपोआप टोपी काढतो. गावातली अर्धी माणसं त्यांच्या हाताखाली बंदूक धरायला शिकली आहेत. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी संध्याकाळी वर्ग. मी बारा वर्षांचा असताना बंदूक हातात घेऊन कुंपण ओलांडलं म्हणून मला नापास केलं होतं. मग दोन खुर्च्यांना दोरी बांधली आणि मला ती वीस वेळा ओलांडायला लावली. दर वेळी आधी बंदूक रिकामी करायची, पलीकडे आडवी ठेवायची, मग पाय टाकायचा. विसाव्या वेळी म्हणाल्या, ‘‘आता तू मेलास तर दुसऱ्या कशाने मरशील.’’ पुढे एकदा बर्फात कुंपणावरून मी तोंडावर आपटलो, तेव्हा माझी बंदूक पलीकडे रिकामी पडलेली होती. त्यामुळे मला हे लिहिता येतंय.

‘‘लेका, तू त्यांचा शेवटचा मोसम उकळलास,’’ मर्ल म्हणाला. ‘‘माझी लहान रायफल दे नेऊन. दुर्बीण आहे, धक्का नाही.’’

मी नेली. मिसेस ब्रेकींनी ती हातात घेतली, वजन बघितलं, परत दिली. ‘‘मर्लला आभार सांग. दुसऱ्याची कवळी लावून मी जेवायला बसत नाही.’’

मग मर्लच्या कोठारातून जुन्या छपराचं शिसं आणलं. मऊ, नखाने ओरखडा उठेल असं. त्याच्याच गोळ्या ओतल्या आणि रविवारी खडीच्या खाणीत गेलो. पाऊणशे पावलांवर खोका, खोक्यावर कागद. त्यांनी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, पाच झाडल्या. मी धावत जाऊन बघून आलो.

‘‘काय झालं?’’

‘‘चार सापडल्या. कागद मोठा आहे म्हणून. एक तर आडवी घुसलीय, किल्लीच्या भोकासारखं भोक पडलंय.’’

‘‘आणि पाचवी?’’

‘‘पाचवी मोंटाना राज्यातच कुठेतरी असेल.’’

त्या हसल्या नाहीत. नळीतून उजेडाकडे बघितलं. मऊ शिसं आतून चिकटून बसलं होतं. ते घासून काढायला त्यांचे दोन दिवस गेले, तेही डाव्या हाताने.

घरी निघताना पीकअपची किल्ली काढली आणि तिच्या कडीतली पट्टी माझ्या हाताला लागली. तिसरीत असताना शाळेने आम्हाला छापखाना दाखवायला नेलं होतं. मिसेस ब्रेकी प्रत्येक पोराला नाव विचारायच्या, कळा दाबायच्या आणि नावाची गरम ओळ हातावर ठेवायच्या. गावातल्या माझ्या वयाच्या आणि मोठ्या प्रत्येकाकडे अशी ओळ आहे. मी माझ्या ओळीला भोक पाडून ती कडीत अडकवली होती.

‘‘हा तोच धातू ना?’’ मी कडी पुढे केली.

‘‘तोच.’’

‘‘मग घ्या.’’

‘‘ठेव खिशात. तुझं नाव भट्टीत टाकावं इतकी मी अजून रागावलेली नाही.’’

पण माझ्या डोक्यात शिरायचं ते शिरलं. सोमवारी मर्लला म्हटलं. त्याने गल्ल्याखालचा खण उपसला आणि पुठ्ठ्याच्या डबीतून एक जोडओळ काढली. त्याच्या पहिल्या लग्नाची बातमी. मिसेस ब्रेकींनीच तेव्हा हौसेने बांधून दिलेली.

‘‘ही ने,’’ तो म्हणाला. ‘‘मला गेली वीस वर्षं ती वितळवायला कारण सापडत नव्हतं.’’

काउंटरवर कॉफीचा रिकामा डबा ठेवला. कुणी विचारलं तर सांगायचो. मर्ल तर न विचारताही सांगायचा, माझ्या नॉबसकट. बुधवारी दुपारपर्यंत डबा लोकांनी आणून टाकलेल्या ओळींनी अर्धा भरला. तो घेऊन मी शेडमध्ये गेलो आणि बाकावर पालथा केला.

मिसेस ब्रेकींनी त्या ढिगाकडे बघितलं. मग चष्मा पुसला आणि एकेक ओळ उजेडाला तिरकी धरून वाचायला लागल्या. दोन ढीग केले. पोरांची नावं एका ढिगात.

‘‘ही परत द्यायची. ज्याची त्याला. नावं मी देऊन टाकलेली आहेत.’’

‘‘त्यांनी खुशीने दिलीत.’’

‘‘माहीत आहे. म्हणूनच.’’ पुढची उचलली. ‘‘‘हरवला आहे, तपकिरी कुत्रा, हाक मारल्यास येत नाही.’ हा पोस्टातल्या बाईंचा. सापडला होता तो.’’ ती दुसऱ्या ढिगात. ‘‘चर्चचं माशांचं जेवण, गुरुवारऐवजी शुक्रवार छापलं होतं मी. पास्टर दोन महिने बोलले नाहीत. ही आनंदाने.’’ टण्णकन दुसऱ्या ढिगात. ‘‘लिलावाची नोटीस. बियाण्यांची जाहिरात. आणि हे काय?’’

‘‘मर्लचं पहिलं लग्न.’’

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. ‘‘मुलगी चांगली होती,’’ म्हणाल्या. ‘‘मर्लही चांगला आहे. एका घरात नव्हते चांगले.’’ आणि ती भांड्यात गेली.

वितळवायच्या ढिगात अकरा ओळी झाल्या. शेगडीजवळचं स्टूल त्यांनी माझ्यासाठी सरकवलं. ‘‘बस. हलव. वर तरंगेल ते काढ.’’ आणि तेवढ्यावर थांबल्या. तिसरं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. मी दोन्ही हात पळीवर ठेवले आणि नॉबकडे बघितलंसुद्धा नाही.

साचा तापेपर्यंतच्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, त्या परत भांड्यात. मग एक वेळ येते, धातू साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात जातो आणि ओल्या टॉवेलवर गोळी पडते ती चांदीसारखी, चपट्या नाकाची. नाक चपटंच लागतं, कारण या रायफलीत काडतुसं एकामागे एक बसतात आणि एकीचं टोक दुसरीच्या बुडाला टेकतं. चांगल्या अशा अठ्ठावीस निघाल्या. त्यांना मेण आणि चरबी लावून झाली तेव्हा बाहेर चिमण्या झोपायला आल्या होत्या.

गुरुवारी दारूची तीन मापं करून बघितली, प्रत्येकी पाच गोळ्या. पंधरा गेल्या. पहिल्या मापात भोकं पसरली, तिसऱ्यात खांदा कुरकुरला. मधलं माप बरोबर बसलं. त्यांनी वहीत नोंद केली, कागद घडी करून मागे चिकटवला आणि घरी जाऊन नळी लख्ख केली. पुन्हा शिसं चिकटू नये म्हणून तेलाचा बोळा फिरवला.

शुक्रवारी दुपारी खाणीत आम्ही तिघे. मर्लने दुकानाला कुलूप लावलं होतं, ‘जेवायला गेलोय’ अशी पाटी लावून, तीन वाजता. मी खोक्यावर कोरा कागद लावला. तेरा गोळ्या उरल्या होत्या.

मिसेस ब्रेकींनी पाच झाडल्या. सावकाश. प्रत्येक वेळी कडी खाली, वर, आणि तेच दोन खटके. मी कागद घेऊन आलो. त्यांनी जॅकेटच्या खिशातून बरणीचं झाकण काढलं, कागदावर ठेवलं, सरकवलं.

चार भोकं झाकणाखाली गेली. पाचवं वर उजवीकडे, दोन बोटं बाहेर.

‘‘फार थोडक्यात, मिसेस ब्रेकी,’’ मर्ल म्हणाला.

‘‘थोडक्यातच जनावर जखमी होतं, मर्ल.’’ त्यांनी झाकण खिशात टाकलं आणि रायफलीची पेटी उघडली. ‘‘चला. थंडी वाढतेय. कॉफी पिऊ.’’

कॉफी म्हटल्यावर मी जागचा हललो नाही. मी त्या कागदाकडेच बघत होतो. ती चार भोकं इतकी जवळजवळ होती की वरून एक नाणं ठेवलं असतं तर झाकली असती.

‘‘बाहेरची कितवी होती?’’

‘‘काय?’’

‘‘पहिली होती का? मी खोक्याकडे बघत होतो. पहिलीच्या वेळी वर उजवीकडे धूळ उडाली.’’

त्या थांबल्या.

‘‘तळघरात तुम्हीच शिकवलंत,’’ मी म्हणालो. माझा आवाज मलाच आगाऊ वाटत होता. ‘‘तेल लावलेल्या नळीतली पहिली गोळी भलतीकडे जाते. ती मोजायची नाही. काल तुम्ही नळी घासलीत.’’

मर्ल माझ्याकडे असं बघत होता की जणू मी पास्टरला प्रार्थना शिकवतोय.

‘‘लॉनी स्ट्रँड,’’ मिसेस ब्रेकी म्हणाल्या, ‘‘हरणासमोर पहिलीच गोळी मोजतात.’’

‘‘हो. पण उद्या नळीला तेल नसेल. नाही घासली तर.’’

‘‘मी साठ वर्षांत घाण नळी घेऊन टेकडीवर गेले नाही.’’

‘‘आणि मी आठवडाभर नॉबला हात लावला नाही. माणूस बदलतो.’’

मर्ल खोकला. त्या मात्र हसल्या, त्या गुरुवारपासून पहिल्यांदा. मग हिशेब सांगितला: आठ गोळ्या उरल्यात. पाच आत्ता झाडल्या तर उद्याला तीन. ‘‘आणि गरम नळीतून नाही. प्रत्येक वेळी थंड होऊ द्यायची. उद्या जशी असेल तशी.’’

म्हणून एकेका गोळीमागे पाव तास. रायफल उघडी करून पीकअपच्या सावलीत ठेवायची, नळीला हात लावून बघायचं, लोखंड गार झालं की पुढची. मर्लने थर्मासमधली कॉफी वाटली, गावातल्या कुणाचं गिअर कसं गेलं ते सांगितलं. आम्ही मध्ये कागदाकडे गेलो नाही, त्यांनी जाऊ दिलं नाही. पाचव्या गोळीला ऊन खाणीच्या काठावर गेलं होतं.

या वेळी कागद त्यांनी स्वतः आणला, पाऊणशे पावलं सावकाश चालत जाऊन. आल्या आणि पीकअपच्या बॉनेटवर पसरला. झाकण माझ्या हातात दिलं.

‘‘तू ठेव.’’

मी ठेवलं. सरकवायची गरजच पडली नाही. मर्लने टोपी काढली.

‘‘पाच,’’ मी म्हणालो.

‘‘मोजता येतं मला,’’ त्या म्हणाल्या, आणि नाक शिंकरायला पाठ फिरवली.

शनिवारी सकाळी साडेआठला दुकानाचा फोन वाजला. ‘‘लॉनी, पीकअप घेऊन ये. वरच्या जुन्या सफरचंदांपाशी. ओढायला खांदा नाही माझा.’’ पुढे काही नाही. मी आणि मर्ल गेलो. नारिंगी जॅकेट घालून त्या पडक्या कुंपणाच्या खांबावर बसल्या होत्या, रायफल उघडी, बाजूला आडवी. हरीण उभं होतं तिथेच पडलेलं, एक पाऊलही गेलं नव्हतं. परवान्याचा टॅग त्यांनी बांधलेला, हातमोज्यांवरचं रक्त बर्फाने पुसलेलं.

‘‘किती?’’ मर्लने विचारलं.

त्यांनी खिशातून उरलेली दोन काडतुसं काढून दाखवली.

‘‘म्हणजे त्यात माझं पहिलं लग्न होतं का?’’

‘‘होतं की. म्हणून तर सरळ गेली, मर्ल. या खेपेला.’’

त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात कांद्यावर परतलेलं काळीज, बटाटे आणि बिटाचं लोणचं होतं. जेवणापूर्वी त्या नेहमीसारखी मान खाली घालून देवाचे आभार मानतात. त्या रात्री यादी जरा लांबली. हरणाचे मानले, डॉक्टरचे मानले, पोस्टातल्या बाईंचे आणि त्यांच्या कुत्र्याचे, पास्टरचे, मर्लचे. माझं नाव शेवटी आलं, ‘‘आणि लॉनीचे, दोन्हीसाठी.’’ दोन्ही म्हणजे काय ते विचारायचं माझं धाडस झालं नाही. मी मनातल्या मनात मिसेस ब्रेकींचे मानले, त्या वीस वेळच्या दोरीसकट.

नासलेल्या शिशाच्या त्यांनी विटा पाडल्या आहेत. शेडचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्या दाराशी लावून ठेवल्यात, आणि वरच्या विटेवर खडूने ‘लॉनी’ असं लिहिलंय, पाऊस लागला की पुन्हा गिरवतात. ठरलंय असं की तेवढं चांगलं शिसं मी भरून द्यायचं, दहा पौंड. आता प्रत्येक वजन मी पक्कडीत धरून चिमटतो. पात्याने खूण उमटली तर शिसं, नाही तर जस्त. साडेसहा पौंड पोचलंय. पण दुकानात हल्ली येतं ते बहुतेक जस्तच. काल बिटाच्या बरण्या आणायला गेलो तर त्यांनी दाराशीच विचारलं.

‘‘बाकीचं?’’

‘‘येतंय, मिसेस ब्रेकी.’’

‘‘साडेतीन.’’

‘‘साडेतीन,’’ मी म्हणालो आणि विटांवरून पाय उचलून आत गेलो.